उंबऱ्यात बसलेल्या बायका

चाळीच्या टोकाला लोखंडी खांबावर एक प्लास्टिकची नळी बसवलेली होती, पाऊस मोजायची. नळीवर तीन रेघा. खाली पिवळी, मध्ये नारिंगी आणि सगळ्यांत वर लाल. त्या सकाळी लोगेश्वरीने नळीत पाहिलं तर पाणी लाल रेघेला जाऊन टेकलेलं. तिने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. पाणी तिथेच होतं, आणि पाऊस काही थांबला नव्हता.

तिचं पोट पहाटेपासूनच दुखत होतं, कारण पाळी आली होती, तीही नेमकी आजच. ती तशीच चिखलातून चाळीमागच्या चढावर गेली. काट्टुमलै चहामळ्याची ही खालची चाळ डोंगराला इतकी खेटून बांधलीये की मागच्या दारातून खरकटं पाणी फेकलं तर ते डोंगराच्या पायावर पडतं. बांधणारा गोरा साहेब होता, त्याला कुठे तिथे झोपायचं होतं. वर चहाच्या झुडपांमधून एक भेग गेलेली होती. भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकून मध्ये दोरी बांधली होती. काल ती दोरी ताणलेली होती. आज तुटून दोन्हीकडे लोंबत होती.

म्हणजे आता शिट्टी वाजवायची आणि सगळ्या चाळीला घेऊन देवळात जायचं. शिट्टी तिच्याच गळ्यात होती. आणि देवळात आज तिलाच जाता येत नव्हतं.

ही लोगेश्वरी पुढारी झाली ती काही मर्दुमकी गाजवून नव्हे. बदुल्ला शहरातून एक संस्था आमच्याकडे यायची, गावातलीच माणसं तयार करायला. दरड आली, आग लागली, बाळंतीण अडली, तर शहरातून कुणी येईपर्यंत हाताशी आपलंच माणूस पाहिजे, असं त्यांच्या रंजनी मिसचं म्हणणं. चाळीतून एक बाई द्या म्हटल्यावर कुणाचा नवरा नको म्हणाला, कुणाची सासू. लोगेश्वरीचा नवरा कोलंबोत हॉटेलात कामाला, सासू वारलेली. तिला नको म्हणणारं घरात कुणी नव्हतं आणि तिला स्वतःला कुणालाच नको म्हणता येत नव्हतं. झाली पुढारी. भित्री तर अशी की चहा खुडताना पायाला जळू लागली की बाकीच्या बायका नखाने उडवून देतात, ही शेजारणीला हाक मारायची.

दर रविवारी पाळणाघराच्या खोलीत शिकवणी भरायची. मिसने पहिल्याच दिवशी तिला अंगणात नेऊन डोंगराकडे तोंड करून ओरडायला लावलं. आवाज निघाला तो मांजरीच्या पिलाचा. सगळे पोट धरधरून हसले. मिस हसली नाही. ती म्हणाली, पुढारी म्हणजे मोठ्या आवाजाचं माणूस नव्हे, बाकीचे जे गिळून टाकतात ते जो बोलून दाखवतो तो पुढारी. लोगेश्वरीने ते पाढ्यासारखं पाठ केलं. कळलं किती, ते देवी अम्मनलाच ठाऊक.

मग एका रविवारी मिसने कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, भुकटीने सगळा मळा जमिनीवर काढायला लावला. इथे चाळ, इथे ओढा, इथे कारखाना, इथे डोंगर. डोंगर सुटला तर कुठे पळायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणाली. शाळा ओढ्याच्या खालच्या अंगाला, ती नको. कारखान्याची किल्ली साहेबाकडे, आणि साहेब किल्ली देईपर्यंत डोंगर घरात येऊन बसलेला असेल. राहिलं मारिअम्मनचं देऊळ. ओढ्यापलीकडे उंच कातळावर, सिमेंटचं, पुढे ऐसपैस मंडप. देऊळच, सगळे एका तोंडाने म्हणाले.

आता त्या खोलीत बायका निम्म्याहून जास्त होत्या. त्यांतल्या एकूण एकीला माहीत होतं की महिन्यातले काही दिवस आपण त्या पायऱ्या चढत नाही. बाळंतीण चढत नाही. नुकती मोठी झालेली पोर तर देवळाच्या वाटेलासुद्धा लागत नाही. पण समोर मजूरसंघाचा तलैवर, म्हणजे पुढारी, शिवनु बसलेला, शेजारी पुजारी सुप्पैया बसलेला. त्यांच्यादेखत हे बोलणार कोण? मिस चर्चला जाणारी, तिला कुठून सुचणार? एकीनेही तोंड उघडलं नाही. लोगेश्वरीनेही नाही. उलट तिनेच पुढे होऊन देवळाच्या जागी झेंडूचं फूल ठेवलं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या आज तिला आठवत होत्या.

शिट्टी वाजवताना ओठ इतके कापत होते की पहिल्यांदा नुसती थुंकीच उडाली. दुसऱ्यांदा वाजली. मग ती वाजवतच सुटली. पावसामुळे साहेबाने खुडणी बंद ठेवली होती, माणसं घरातच होती. दारं उघडली. शिवनु खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला आणि म्हणाला की पावसाने झोपू दिलं नाही, आता तू चहा पिऊ देऊ नकोस. लोगेश्वरीने त्याच्यासमोर तुटलेल्या दोरीचा तुकडा धरला. शिवनु दोरीकडे पाहत राहिला. तोंडाळ होता, पण खुळा नव्हता. आत जाऊन त्याने म्हातारीला पाठुंगळी घेतलं.

चाळ रिकामी व्हायला वेळ लागला नाही. शिकवणीत दोनदा हे करून झालं होतं, तेव्हा खिदळत केलं होतं, आता कुणी हसत नव्हतं. पोरं, कोंबड्या, भाताचं पातेलं, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं फळकुटाच्या पुलावरून ओढा ओलांडून पायऱ्या चढली. लोगेश्वरी सगळ्यांच्या मागे होती. शेवटच्या पायरीवर येऊन ती थांबली आणि बाजूला, कातळाच्या ओढ्याकडच्या खालच्या धारेवर, घंटेच्या छपराखाली जाऊन उभी राहिली. पुजारी सुप्पैयाने आतून हाक मारली की पोरी, भिजतेस कशाला, आत ये. मी माणसं मोजतेय, असं ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

छपराखाली ती एकटी नव्हती. कनगवल्ली होती, आणखी दोघी होत्या. तिघीही खुडणीचा प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन, पायांकडे बघत उभ्या. एक म्हणाली मला वाऱ्याला बरं वाटतं. दुसरी म्हणाली आत फार गर्दी आहे. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. लोगेश्वरीला सगळं कळलं आणि तिचा जीव कानकोंडा झाला. फूल तिनेच ठेवलं होतं.

मोजणीची रीत मिसने घालून दिली होती. खोलीतल्या वडीलधाऱ्या माणसाने ओरडून सांगायचं, अमक्याची खोली भरली, म्हणजे घरातलं कुणी मागे राहिलेलं नाही. एकेक आवाज येत गेला. शेवटची खोली वेल्लैयम्मा अप्पायीची. अप्पायी म्हणजे बापाची आई, पण ही म्हातारी सगळ्या चाळीचीच अप्पायी होती. तिने भरली म्हटलं, पण कसं, तर तोंडातल्या तोंडात, खांबाकडे बघून. लोगेश्वरीने वाकून मंडपात पाहिलं. अप्पायीचा मुलगा होता, धाकटा नातू होता. सून इंदिराणी दिसेना. आणि तिची लेक तर्शिनीही नाही.

पोर गेल्या आठवड्यात मोठी झाली होती. मामाने रीतीप्रमाणे हिरव्या फांद्यांची झोपडी बांधून दिली होती, पुरुषांची नजर पडू नये म्हणून शेवटच्या खोलीच्याही मागे, डोंगराला टेकून. लोगेश्वरी स्वतः काल तिथे उडदाच्या पिठाची गोड कळी आणि तिळाचं तेल देऊन आली होती. पोरीच्या गालाला हळद लावून, आता तुला नवरा शोधायचा का गं, म्हणून चिडवून आली होती. आणि आज आपल्या एकटीच्या अडचणीचा विचार करता करता तिला विसरली होती.

तिने अप्पायीला दाराशी बोलावून विचारलं.

"असेल तिथेच," म्हातारी म्हणाली. "तिला कुठे आणणार? अम्मनच्या पुढ्यात? उद्या ह्या पोरांच्या अंगावर देवी उठल्या तर कडुनिंबाचा पाला घेऊन तू बसणार आहेस?"

म्हातारी दुष्ट होती असं कुणी समजू नये. तिची दोन लेकरं देवीनेच नेली होती. नातीवर तिचा जीव होता, पण अम्मनचं भय त्याहून जुनं होतं.

लोगेश्वरी पायऱ्या उतरली. कनगवल्ली मागून म्हणाली की मी येऊ का, तर हिने नको म्हणून मान हलवली. एकीला डोंगर पुरे. ओढ्याचं पाणी विटकरीसारखं लाल झालं होतं आणि फळकुटाला खालून धडका मारत होतं. ती फळकुटावरून अक्षरशः रांगत गेली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय ही पुढारी. रिकाम्या चाळीसमोरून जाताना तिला मोठ्याने रडू येत होतं. एका खोलीत रेडिओ चालूच राहिला होता, कुणीतरी बातम्या देत होतं. परत फिरावं, असं तिला प्रत्येक दाराशी वाटलं. दाराची चौकट धरायची, पुढच्या दारापर्यंत जायचं, ती चौकट धरायची, असं करत ती टोकाला पोचली.

झोपडीत दोघीजणी होत्या. इंदिराणीने लेकीला पोटाशी धरलं होतं. तर्शिनीच्या चेहऱ्यावरची हळद पावसाने ओघळली होती. हातात विळा, भूतबाधा होऊ नये म्हणून दिलेला, तो तिने दोन्ही मुठींत आवळला होता.

"चल, ऊठ," लोगेश्वरी म्हणाली.

इंदिराणी जागची हलली नाही. "कुठे नेतेस लोगाक्का? देवळात? तिथे हिला कोण घेईल? फूल ठेवलंस तेव्हा आम्ही कुठे जायचं ते ठरवलं होतंस का?"

तूही तिथेच बसली होतीस की, असं लोगेश्वरीला म्हणता आलं असतं, पण ती वेळ नव्हती. वरून एक दगड टुणटुणत आला आणि झोपडीच्या फांद्यांत अडकला. मग बारीक खडे. तर्शिनी पुटपुटली की डोंगर आतून वाजतोय, मघापासून वाजतोय.

चाळीमागे झऱ्याचं पाणी एका नळीतून टाकीत पडतं. बारा महिने, दिवसरात्र पडतं. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय की तो कुणाला ऐकूच येत नाही. तो आवाज थांबला. एवढ्या पावसात नळीतून एक थेंब येईना. इंदिराणीने चमकून टाकीकडे पाहिलं. शिकवणीला ती पण होती. भर पावसात झरा थांबला तर काय समजायचं, ते मिसने घोकून घेतलं होतं. डोंगराने पाणी पोटात धरलंय, आणि ते पोट आता फुटणार.

मग कुणी कुणाला चल म्हटलं नाही. तिघी पळत सुटल्या. पूल ओलांडताना इंदिराणीचा पाय घसरला, लोगेश्वरीने तिला वेणीला धरून ओढलं. पायऱ्यांवर पोरीचा पाय थबकला, तर दोघींनी काखेत हात घालून तिला वर चढवलं.

दारात सुप्पैया उभा होता. मागे सगळी चाळ. पोरीला पाहून पुरुषांनी माना फिरवल्या, रीतच आहे ती. बायका नुसत्या बघत राहिल्या. सुप्पैया वाईट माणूस नव्हता. त्याने हात जोडले आणि म्हणाला की पोरीला घंटेच्या छपराखाली बसवू, कागद देऊ, घोंगडी देऊ, पण आत नको, अम्मन रागावली तर भोगणार लहान पोरं, त्याची जबाबदारी कोण घेणार.

घंटेचं छप्पर म्हणजे चार खांब आणि पत्रा. ओढा उसळला तर पहिलं तेच जाणार. लोगेश्वरीला हे सगळं सांगायचं होतं. ओढा, चिखल, कातळाची धार, नकाशात कसं काढलं होतं ते. पण तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर पडलं.

"मी पण आज बाहेरची आहे," ती म्हणाली. "पहाटेपासून."

आवाज तोच मांजरीच्या पिलाचा. पण मंडपात शेवटच्या खांबापर्यंत ऐकू गेला, इतकी शांतता पडली होती. पुरुषांसमोर हे शब्द त्या कातळावर कधी कुणी उच्चारले नव्हते. शिवनु खाली बघायला लागला. लोगेश्वरीला वाटलं, आता इथेच जमीन फाटेल. अम्मनचं भय तिला काही कमी नव्हतं. लहानपणापासून दर शुक्रवारी तिने अम्मनपुढे कापूर लावला होता.

"तुम्ही म्हणाल तर मी बाहेर राहते," ती म्हणाली. "पण मग शिट्टी मीच वाजवली, ह्या सगळ्यांना इथे मीच आणलं, ते कसं चालतं? मी आत येते. पोरगी माझ्याबरोबर येईल. अम्मनला जे करायचं ते माझं करू दे."

छपराखालून कनगवल्ली पुढे आली. "मी पण," ती म्हणाली. बाकीच्या दोघी येऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या.

सुप्पैयाने त्या बायकांकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. तो आत वळला आणि त्याने गाभाऱ्याचा लाल पडदा ओढून घेतला. अम्मनला दिसायला नको. मग तो दारातून बाजूला झाला. एवढंच त्याच्या हातात होतं आणि ते त्याने केलं.

लोगेश्वरीने डोळे मिटून उंबरा ओलांडला. आता वीज पडेल, नाहीतर तोंडातून रक्त येईल, असं वाटलं. काही झालं नाही. दाराच्या आत जागा होती तिथे त्या बसल्या. भोवतालची माणसं हातभर सरकली.

आणि थोड्या वेळाने पाऊस थांबला.

थांबला म्हणजे पार थांबला. ढग फाटून ऊन पडलं, डोंगर धुतल्यासारखा हिरवा दिसायला लागला, जिथल्या तिथे उभा. माणसं मंडपाच्या कठड्याशी जाऊन बघायला लागली. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं की चुलीवर डाळ होती. शिवनुने टॉवेल पिळत म्हटलं की तलैवरकी आमच्या बापजाद्यांनी पण केली, पण कुणाला दोरी तुटली म्हणून अम्मन बाटवावी लागली नव्हती. त्यावर चार माणसं हसली. एक पोरगा खोकला. अप्पायीने लगेच त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो हात तिथेच ठेवून लोगेश्वरीकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

आता माणसं उठायला लागली. पातेली उचलली, पोरांना हाका गेल्या. लोगेश्वरीने सांगून पाहिलं की पाऊस थांबल्यावरही डोंगर येतो, झरा अजून थांबलेला आहे. तिचं कोण ऐकतंय? जिने सकाळी मोजणीचं सोंग केलं, जी विटाळशी आत घुसली, तिचं? शिवनु सगळ्यांच्या पुढे दाराकडे निघाला.

लोगेश्वरी घाबरून उठली आणि दुसरं काही सुचेना म्हणून उंबऱ्यातच बसली. चौकटीला पाठ लावून, पाय आडवे पसरून. शिवनु तिच्यासमोर येऊन थांबला.

"सरक."

"मला शिवून जा," ती म्हणाली.

शिवनुने पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. कनगवल्लीने ते पाहिलं. ती येऊन लोगेश्वरीला खेटून बसली. मग त्या दोघी. मग इंदिराणीने लेकीला हाताला धरून आणलं आणि मधोमध बसवलं. दार पुरतं अडलं. मंडपाला दुसरी वाट नव्हती, कठड्याखाली सरळ कातळ. शंभर माणसं आत, आणि दारात चार विटाळशी बायका, एक पोर आणि तिची आई. ह्या बायकांना ओलांडून, त्यांच्या अंगाला अंग लावून बाहेर पडायचं, मग थंडगार ओढ्यात डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही. कुणाची हिंमत होईना. पुरुष एकमेकांना म्हणायला लागले, तू जा, तू जा. कुणी शिव्या दिल्या. एक बाई रडत म्हणाली की लोगा, हे तुला फळणार नाही. अप्पायी एका जागी बसून डोकं हलवत राहिली.

ऊन चढत होतं. डोंगर हलत नव्हता.

लोगेश्वरी मनाशी हिशेब करत होती. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर? तर हे लोक हिला उचलून फेकतील आणि घरी जातील. मग पुढच्या वर्षभरात जे पोर तापेल, जी गाय आटेल, जी बाई घसरून पडेल, ते सगळं हिच्या नावावर. ते तिने सोसलंही असतं कदाचित. पण ह्या तर्शिनीच्याही नावावर. न्हाण आलं तेव्हा देऊळ बाटवलेली पोर. कोण मुलगा करील हिला? आयुष्यभर चाळ बोट दाखवील. तिने मान वळवून गाभाऱ्याकडे पाहिलं. लाल पडदा वाऱ्याने हलत होता. वाचव म्हणावं म्हणून तिने हात जोडले, आणि मनातून शब्द आले ते असे. अम्मा, आता पाड तो डोंगर. एकदाचा पाड.

आपण काय मागितलं ते तिला कळलं. तिची स्वतःची खोली त्या डोंगराखाली होती. वरच्या वाटेने कुणी येत असेल तर? तिने घाईघाईने ते शब्द परत घ्यायला तोंड उघडलं.

आवाज आधी आला नाही. आधी चहाची झुडपं चालायला लागली. ओळीत, उभीच्या उभी, खुडणीला निघालेल्या बायकांसारखी डोंगर उतरायला लागली. कठड्याशी असलेली माणसं ते बघत राहिली, कुणाला ओरडायचंही सुचलं नाही. मग आवाज आला, आणि तो थांबेचना. देवळाची घंटा आपोआप हलली. लाल चिखल शेवटच्या खोलीवर चढला, तिथली हिरवी झोपडी तर दिसली न दिसली. मग त्याच्या अलीकडची खोली, मग तिच्या अलीकडची, लोगेश्वरीची. पत्रे दुमडले. चिखल ओढ्यात उतरला, पूल घेऊन गेला आणि ह्या बाजूचं घंटेचं छप्पर चारी खांबांसकट ओढून घेऊन कातळाशी थांबला.

रेडिओ कधी बंद पडला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग रडणं सुरू झालं. माणसं पडद्यापुढे आडवी पडली. सुप्पैयाने कापूर लावला, पण पडदा उघडावा की नाही ते त्याला ठरवता येईना, तो दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. शिवनु लोगेश्वरीसमोर आला आणि जन्मात पहिल्यांदा तिला तलैवी म्हणाला. तलैवी, पुन्हा एकदा मोजून घे, म्हणाला. खोल्यांची नावं पुकारली गेली. सगळ्या भरल्या होत्या. वेल्लैयम्मा अप्पायी गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत आली. ती नातीला शिवली. नुसती शिवली नाही, तिचं ओलं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि ते हुंगत राहिली.

बायका येऊन लोगेश्वरीच्या पायांना हात लावायला लागल्या. तिने पाय पोटाशी ओढून घेतले. तिला तो मान नको होता. तिला भीती वाटत होती, सकाळपेक्षा जास्त. मी मागितलं आणि अम्मनने दिलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. हे कुणाला कळलं तर?

तर्शिनी आजीच्या मांडीवरून उठून तिच्याजवळ सरकली. विळा अजून हातातच होता. इकडेतिकडे पाहून तिने तोंड लोगेश्वरीच्या कानाशी आणलं.

"अक्का, कुणाला सांगू नकोस. मी अम्मनला म्हटलं, पाड तो डोंगर. सगळे आईला बोलत होते ना, म्हणून. माझ्यामुळे पडला का?"

लोगेश्वरीने पोरीकडे पाहिलं. नाही गं बाळ, असं काही नसतं, एवढं म्हणून हात झटकता आले असते. आणि आपलं आपल्याशी ठेवता आलं असतं.

"मी पण तेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "आपण दोघींनी म्हटलं."

तर्शिनीने विळा खाली ठेवला आणि लोगेश्वरीचा हात धरला.